सुनेच्या पदवीचे सव्वातीन तास



वावरात पऱ्हाटीची शेवटची वेचणी चालू आहे. तूर सोंगायला आली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेत आणि ओलिताची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे. नेहमीसारखं पिकाचंच लिहिणार होतो. पण गेल्या पंधरा दिवसांत तीन कास्तकारांनी मला एकच गोष्ट विचारली. "भाऊ, तुमची सून घरूनच मोबाईलवर बीए करून रायली म्हणते, इकॉनॉमिक्सचं. आमच्या पोरीचं तसं करावं का? जानेवारीचे प्रवेश चालू हायेत म्हणे." तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथंच एकदा लिहितो. लांबेल थोडं, पण सवडीनं वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. करावं, जरूर करावं. पण घरातल्या बाकी माणसांची रोज सव्वातीन तास द्यायची तयारी असेल तरच. ती तयारी नसेल तर फी भरू नका, पोरीला उगाच नापासाचा शिक्का लागतो. घरून शिकायचं म्हणजे फुकट होतं, हा जो आपला समज आहे तो खोटा आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या हातून चूक झाली, त्यातून शिकलो.

२०२४ च्या जुलैत सुनेनं नाव घातलं. लग्नाआधी तिची बारावी झालेली, पुढं शिकायचं राहून गेलं होतं. पोरगी पाच वर्षांची झाली, तशी म्हणाली, मामाजी, मले पदवी करायची हाय, कॉलेजात जा लागत नाई, घरूनच होते. मी म्हटलं कर बापा. फी भरली, मोबाईलात रिचार्ज मारलं, आणि आपण फार मोठं काम केलं असं समजून गावभर सांगितलं. माझं काम तिथं संपलं असं मला वाटलं.

डिसेंबरात तिचा पेपर होता. आदल्या दिवशी सांजच्याला म्हणाली, "मामाजी, उद्या माहा पेपर हाय. सकाळच्या गाडीनं जा लागते."

त्या दिवसात मजूर भेटत नव्हते. वावर पांढरं झालेलं आणि आभाळ आलेलं. भिजला तर कापसाची पत गेली. मी म्हटलं, "बेटा, पेपर काय, सहा महिन्यानं पुन्हा देता येते ना?"

"येते," ती म्हणाली. बस, तेवढंच. सकाळी ओटी बांधून वावरात आली. दिवसभरात चाळीस किलो कापूस वेचला. वेचणीचा दर तेव्हा आमच्याकडं दहा रुपये किलो. म्हणजे मी चारशे रुपये वाचवले. आणि पाऊस त्या दिवशी आलाच नाही.

हे मी विसरूनही गेलो होतो. पुढं उन्हाळ्यात तिचे गृहपाठाचे कागद टेबलावर पडले होते, ते चाळले. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण वाचायची खोड आहे. संधी खर्च म्हणजे काय, ते उदाहरणासह लिहा, असा प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं की, एक काम निवडल्यामुळं जे दुसरं सर्वात चांगलं काम सोडावं लागतं, त्या सोडलेल्या कामाची किंमत म्हणजे संधी खर्च. आणि खाली उदाहरण होतं. एका शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थिनीनं परीक्षेच्या दिवशी चारशे रुपयांचा कापूस वेचला. त्या कापसाचा संधी खर्च शून्य नव्हता, सहा महिने होता.

नाव नव्हतं, गाव नव्हतं, तक्रार नव्हती. माझ्या मात्र काळजाला चटका बसला. तिनं मला तोंडानं एक शब्द म्हटला नव्हता, आणि हिशेब बिनचूक होता.

आता सव्वातीन तासांचा हिशेब सांगतो. विद्यापीठाच्या भाषेत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास. वाचणं, व्हिडिओ पाहणं, गृहपाठ लिहिणं सगळं धरून. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. १२० गुणिले ३०, झाले ३६०० तास. तीन वर्षांचे दिवस १०९५. भागून बघा. दिवसाला सव्वातीन तासांच्या वर येते. यात दिवाळी नाही, लग्नसराई नाही, सोंगणी नाही, पोरीचा ताप नाही. रोज सव्वातीन तास.

मी सुनेचा दिवस पहिल्यांदाच नीट पाहिला तेव्हा हे सव्वातीन तास कुठंच बसत नव्हते. पहाटे उठून सडा-सारवण, चहा, पाणी भरणं, पोरीची शाळा, स्वयंपाक, डबे, मग वावर, मग परत स्वयंपाक, भांडी. रात्री दहाला पुस्तक उघडायचं आणि सव्वादहाला डुलकी. तिला आळस होता असं नाही. आम्ही तिला पदवी दिली होती, पण वेळ दिलाच नव्हता.

हे एकट्या आमच्या घरचं नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर माणसांच्या दिवसाची पाहणी केली होती. घरातलं बिनपैशाचं काम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं ते काम करते आणि असं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. आणि हे वावरातलं काम सोडून. मग सव्वातीन तास येणार कुठून? ते या पाच तासांतूनच निघाले पाहिजेत, आणि ते काम दुसऱ्या कोणीतरी केलं पाहिजे.

याच्यापुढची गोष्ट हमीभावाची आहे, म्हणून कास्तकारांनी नीट वाचावी.

हमीभाव कसा ठरतो, हे तिच्या अभ्यासात आलं. त्यासाठी केंद्रानं १९६५ साली आयोग नेमला, त्याला आज कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणतात. तो खर्चाचे वेगवेगळे हिशेब करतो. बी, खत, औषध, मजुरी, डिझेल असा जो पैसा खिशातून जातो तो ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत धरली की होतो ए-टू अधिक एफ-एल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही धरलं की सी-टू. २०१८ पासून सरकार म्हणतं, आम्ही ए-टू अधिक एफ-एलच्या दीडपट भाव देतो. शेतकरी संघटना म्हणतात, सी-टूवर द्या. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५१४० रुपये धरला आणि हमीभाव ७७१० जाहीर केला. ५१४० ची दीडपट काढून पाहा, बरोबर ७७१० येते.

हे ती मला समजावून सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "मामाजी, यातलं एफ-एल म्हणजे मीच ना?"

मी हो म्हटलं आणि गप्प बसलो. आपण मोर्च्यात जातो, निवेदनं देतो की घरच्या माणसांच्या मेहनतीची किंमत पूर्ण धरा. सरकारनं ती कमी धरली तर आपल्याला राग येतो. आणि घरात मात्र आपणच ती शून्य धरतो. सुनेचा दिवस फुकट, तिला केव्हाही उठवा, केव्हाही वावरात न्या. आणि तिची भांडी-स्वयंपाक तर सरकारही धरत नाही, फक्त वावरातलं काम धरतं. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं, की पगारी मोलकरणीशी मालकानं लग्न केलं तर काम तेच राहतं, पण देशाचं उत्पन्न कागदावर कमी होतं. सुनेनं हे सांगितलं तेव्हा आमच्या घरची मंडळी चुलीपुढून म्हणाली, "हे समजायले इंग्रज कायले पायजे?"

मग आम्ही घरात बसून ठरवलं. पहाटे ५ ते ६:३० सून अभ्यास करील. चहा मी करीन, गोठ्याचं शेण-पाणी मी पाहीन. दुपारी २ ते ३ तिला कोणी हाक मारायची नाही. रात्री ९ ते पावणेदहा पुन्हा अभ्यास, भांडी पोरानं घासायची. दीड, एक आणि पाऊण, झाले सव्वातीन.

सुरुवातीला पोरगा तणतणला. "रोजंदारी देऊन बाई लावायची अन् घरची बाई पुस्तक घेऊन बसणार?" गावातही लोक म्हणाले, सुनेले कलेक्टर करता का? मी हसण्यावारी नेलं, पण पोराचा प्रश्न पैशाचा होता, त्याला उत्तर द्यावं लागलं. यंदाच्या वेचणीत तिच्या जागी एक बाई लावली. पस्तीस दिवस, तीनशे रुपये रोज. साडेदहा हजार रुपये झाले. तिची वर्षाची फी, परीक्षा, रिचार्ज सगळं मिळून याच्याहून कमीच आहे. म्हणजे खरी फी ही साडेदहा हजार आहे. ती कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. ती धरा आणि मग ठरवा.

एक गोष्ट मात्र आमचीही चुकली. पहिल्या दोन महिन्यांत सुनेचं काम कमी झालं ते सगळं तिच्या सासूच्या अंगावर गेलं. तिचे गुडघे दुखतात, तरी काही बोलली नाही. एक दिवस एवढंच म्हणाली, "तिचं वझं माह्या डोक्यावर ठेवलं, अन् तुमी म्हणता वझं कमी केलं." बरोबर होतं तिचं. एका बाईचं काम दुसऱ्या बाईवर ढकललं तर हिशेबात फक्त खातं बदलतं, खर्च तेवढाच राहतो. तेव्हापासून पाणी भरणं आणि पोरीला शाळेत सोडणं आम्हा बापलेकांकडं आलं. आणि हेही खरं सांगतो की, रोज सव्वातीन तास होतातच असं नाही. सोयाबीनच्या सोंगणीत पंधरा दिवस पुस्तक उघडलंही नाही. पण २०२५ च्या जूनमध्ये राहिलेला पेपर तिनं दिला आणि पास झाली. या डिसेंबरात एकही पेपर चुकवू दिला नाही. गाडीवर बसवून मीच नेलं.

आता दुसरा प्रश्न. अर्थशास्त्रच का? नर्सिंग का नाही, डीएड का नाही?

एक तर नर्सिंग, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी अशा हातानं शिकायच्या पदव्या घरबसल्या होत नाहीत, त्यांना परवानगीच नाही. कोणी घरबसल्या देतो म्हणाला तर समजून घ्या की फसवतो आहे. अर्थशास्त्र वाचून, लिहून, आकडेमोड करून शिकता येतं. आणि त्याची प्रयोगशाळा म्हणावं तर आपलं वावर आणि बाजार समिती आहेच.

माझाच दाखला देतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, सगळ्यांना आठवत असेल. मी तेव्हा आधीच विकून बसलो होतो. पुढच्या वर्षी ठरवलं, आता काही झालं तरी दहा हजारांच्या खाली द्यायचा नाही. तीस क्विंटल कापूस घरात भरला. व्यापारी साडेआठ हजारांनं मागत होता, दिला नाही. घरात किडे झाले, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, वजन घटलं, आणि मे महिन्यात सात हजार दोनशेनं द्यावा लागला. क्विंटलमागं तेराशे रुपये, तीस क्विंटलचे एकोणचाळीस हजार गेले. वजनातली घट आणि सोसायटीचं व्याज वेगळंच.

सुनेनं मला विचारलं, "त्या वर्षी भाव कायनं वाढला होता मामाजी?" मला माहीत नव्हतं. कोरोनानंतर जगभर सुताची मागणी एकदम वाढली, माल कमी होता, म्हणून भाव चढला. २०२२ च्या मे महिन्याच्या सुमाराला जगातला भाव टोकाला गेला आणि मग उतरणीला लागला. म्हणजे मी घर भरून बसलो तेव्हा उतरण सुरू होऊन काही महिने झाले होते. मी गेल्या वर्षीच्या भावाची वाट पाहत होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आणि ती सूट पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्याचा अर्थ काय, आपल्या गंजीवर त्याचा काय परिणाम, हे वाचून सांगणारं एक तरी माणूस घरात असावं की नाही?

याचा अर्थ असा नाही की अर्थशास्त्र शिकलं म्हणजे उद्याचा भाव कळतो. भाकीत ऐकायला आपल्याच तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं आणि पिकाचं सांगतात, आणि लांबलांबून लोक येतात. मीही जातो. सुनेला मी एकदा गमतीनं विचारलं, तुझ्या पुस्तकात काय लिहिलं हाय, यंदा कापूस किती जाईल? ती म्हणाली, "उद्याचा भाव पुस्तकात नाई मामाजी. आपल्याले क्विंटलले खर्च किती आला, हे मात्र आजच सांगता येते." मग तिनं वही काढली. गेल्या वर्षापासून आमच्या घरात खर्चाची वही आहे. त्याआधी चाळीस वर्षं शेती केली, पण वही नव्हती.

वहीतून एक गोष्ट लगेच हाती आली. पुस्तकात घटत्या फलाचा नियम आहे. जमीन तेवढीच ठेवून एकच वस्तू वाढवत गेलं तर एका हद्दीनंतर दर वेळी मिळणारी वाढ कमी कमी होत जाते. पऱ्हाटीला युरियाची पहिली बॅग दिसते, दुसरी थोडी दिसते, तिसऱ्या बॅगेनं पऱ्हाटी नुसती माजते आणि मावा-तुडतुडा वाढतो. हे आपल्याला डोळ्यांनं माहीत असतंच. पण वहीत रुपयात लिहिलेलं पाहिलं तेव्हा तिसरी बॅग बंद केली. बोंडं काही कमी झाली नाहीत.

आणि हा विषय आपल्याला परका आहे असं समजू नका. महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, तो कर्जाचा, साऱ्याचा आणि लुटीचाच हिशेब आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे अर्थशास्त्राचे. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला, आणि १९२३ ला लंडनची सर्वात वरची पदवी रुपयाच्या प्रश्नावर मिळवली. धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, ते प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांसोबत सहकारी साखर कारखाना उभा करायला आले. शरद जोशींनी तर आमच्या पिढीला पाटी-पेन्सिल घेऊन उत्पादन खर्च मांडायला शिकवलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला, की बाईच्या नावावर थोडी तरी जमीन करा. कितीतरी जणांनी केली. मी म्हणतो, तेव्हा जमीन द्यायची हिंमत झाली, तर आता दिवसाचे सव्वातीन तास द्यायला काय जड आहे?

ज्यांचं ठरलं असेल त्यांच्यासाठी आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली, विद्यापीठाला मान्यता आहे की नाही हे एजंटच्या तोंडून ऐकू नका. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग आहे, त्याच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या सत्रासाठी परवानगी आहे याची यादी असते. ती स्वतः पाहा. २०२४-२५ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला डीईबी-आयडी काढावा लागतो. तो विद्यार्थ्यानं स्वतः काढायचा असतो, त्याला मधला माणूस लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका पोराकडून एका एजंटनं एका वर्षात पदवी देतो म्हणून पैसे घेतले आणि रंगीत कागद दिला. तो कागद कुठंच चालला नाही. तीन वर्षांची पदवी एका वर्षात होत नाही, जसा पेरल्यावर महिनाभरात कापूस फुटत नाही.

दुसरी, मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाईन पदवी ही कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. एमपीएससीला, बँकेच्या परीक्षेला ती चालते. पण पदवी झाली म्हणजे नोकरी लागली, असं मात्र कोणाला सांगू नका. आम्ही सुनेला तसं सांगितलं नाही, तिनंही मागितलं नाही.

तिसरी, ऑनलाईन आणि दूरशिक्षण यातला फरक समजून घ्या. ऑनलाईनमध्ये बहुतेक सगळं पडद्यावर. दूरशिक्षणात पुस्तकं मिळतात आणि अभ्यासकेंद्र असतं. आपल्याकडं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, आणि घरात मोबाईल एक, मागणारे चार. अशा घरानं छापील पुस्तकं देणारा मार्ग धरावा, व्हिडिओ जोडीला पाहावेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतं. दिल्लीचं इग्नू १९८५ चं, तिथं बहुतेक इंग्रजी आणि हिंदी. पोरीला कोणत्या भाषेत लिहिता येतं ते आधी तिलाच विचारा. आणि परीक्षा केंद्र किती लांब, परीक्षा कोणत्या महिन्यात, हे विचारून घ्या, कारण डिसेंबरची परीक्षा आणि आपली वेचणी एकाच वेळी येते.

चौथी, खात्री नसेल तर आधी फुकटात करून पाहा. केंद्र सरकारचं स्वयम म्हणून संकेतस्थळ २०१७ पासून आहे. त्यावर अर्थशास्त्राचे कोर्स आहेत, शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. बरेचसे इंग्रजीत आहेत, हे मात्र खरं. दोन महिने घरात रोजचा वेळ निघतो का, ते यातून कळतं. वेळ निघाला तरच पुढं जा. बारावी झाली नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, तिथून सुरुवात करा.

मला काही जण म्हणतात, भाऊ, तुमीच करा ना मग. हसू नका, मनात आहे. माझ्या दहावीनंतर बापानं मला वखरावर उभं केलं. त्याचा दोष नव्हता, घरात माणूस नव्हता. त्यानंही तेव्हा हाच हिशेब केला असेल, आज एक मजूर वाचतो म्हणून. त्या वाचलेल्या मजुरीचा संधी खर्च काय झाला, ते कोणी कधी लिहिलं नाही. सुनेच्या बाबतीत मी तोच हिशेब एकदा केला, चारशे रुपयांसाठी. पुन्हा करणार नाही.

तर ज्या तीन कास्तकारांनी विचारलं त्यांना माझं उत्तर हे. प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी एक कागद घ्या. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पोरीचं किंवा सुनेचं कोणतं काम कोण घेणार ते नावापुढं लिहा. त्यात स्वतःच्या नावापुढं काही आलं नसेल तर तो फॉर्म भरू नका. आलं असेल तर डोळे मिटून भरा.

तुमच्या घरी कोणी असं शिकत असेल तर कसं जमवता ते मला जरूर कळवा. आम्हालाही अजून दीड वर्ष काढायचं आहे.

चला, लाईट यायची वेळ झाली, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे. राम राम.